घर कोणाचं? ओढ्यातली कॅडिस अळी ओळखण्याचा इतिहास

आजच्या व्याख्यानाची सुरुवात आपल्या घरातल्याच एका प्राण्यापासून करू या. न्हाणीघराच्या भिंतीवर, कपाटामागे किंवा माळ्याच्या कोपऱ्यात तुम्ही एक राखाडी, चपटी, भोपळ्याच्या बीसारखी पिशवी चिकटलेली पाहिली असेल. जळमट समजून आपण ती झाडूने पाडतो. पण जरा थांबून पाहिलं, तर ती पिशवी हळूहळू सरकते. एका टोकातून बारीकसं डोकं बाहेर येतं, इवलेसे पाय भिंतीला धरतात आणि मागचं घर ओढून घेतात. ती एका पतंगाची अळी असते. धूळ, वाळूचे कण, धागे असं सगळं रेशमाने जोडून केलेलं घर ती अंगावर घेऊन फिरते. बाभळीवर काटक्यांची मोळी पांघरून लटकलेली अळीही तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिचंही तेच तंत्र.

आज ज्या किड्याबद्दल बोलायचं आहे, तो या मंडळींचा पाण्यातला नातेवाईक. इंग्रजीत त्याला कॅडिस म्हणतात आणि मीही आज कॅडिसच म्हणणार आहे. त्याच्या गणाचं शास्त्रीय नाव ट्रायकॉप्टेरा, म्हणजे केसाळ पंखांचे. पतंगांच्या पंखांवर खवले असतात, यांच्या पंखांवर केस. कीटकांच्या वंशावळीत हे दोन गण सख्खी भावंडं आहेत. एकाच्या अळ्या झाडपाल्यावर वाढल्या, दुसऱ्याच्या गोड्या पाण्यात.

प्रश्न आपण एकच घेणार आहोत. ओढ्यातला दगड उलटल्यावर हाताला लागलेली ही अळी कोणाची? प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं नीट उत्तर देण्याची रीत सापडायला युरोप-अमेरिकेत तीनशे वर्षं गेली. आणि आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांपुरतं बोलायचं, तर बहुतेक अळ्यांच्या बाबतीत ते उत्तर अजून यायचंच आहे. असं का झालं, हा आजचा विषय.

दगडाखालची वस्ती

आधी या अळीचा संसार समजून घेऊ. पावसाळा ओसरल्यावर डोंगरातल्या एखाद्या वाहत्या ओढ्यात घोटाभर पाण्यात उभे राहा, मुठीएवढा दगड उचला आणि उलटा करा. पहिल्यांदा काही दिसत नाही. मग नजर बसते. वाळूच्या कणांची, काडीच्या जाडीची एक नळी दगडाला चिकटलेली दिसते. शेजारी बारीक खड्यांचा एक ओबडधोबड पुंजका असतो आणि त्याच्या तोंडाशी कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी मरगळून पडलेलं असतं. पाण्याबाहेर काढल्यामुळे ते मिटलेलं असतं; पाण्यात ते ताठ उभं होतं.

कॅडिसच्या अळ्यांचे ढोबळ मानाने तीन व्यवसाय आहेत. काही बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतात. पानांचे तुकडे, काटक्या, वाळू, खडे यांची नळी करायची आणि तिच्यात राहायचं. काही जाळं लावून बसतात. हायड्रोप्सायकिडी नावाच्या कुळातली अळी खड्यांचा आडोसा करते, पुढे चौकोनी घरांचं रेशमी जाळं विणते आणि प्रवाहाने वाहून आणलेलं खाते. आपली जागा दुसऱ्या अळीने बळकावू नये म्हणून ती पाय डोक्याच्या खालच्या रेघांवर घासून आवाजसुद्धा काढते. तिसरा प्रकार म्हणजे घर नाही, जाळं नाही, मोकळं फिरून शिकार करायची. रायकोफिलिडी कुळातल्या अळ्या अशा असतात.

तिन्ही व्यवसायांच्या मुळाशी एकच भांडवल आहे, ते म्हणजे रेशीम. ओठाशी उघडणाऱ्या ग्रंथीतून येणारं हे रेशीम ओल्या दगडाला पाण्याखालीच चिकटतं. आपला डिंक पाण्यात सुटतो, यांचा धरतो.

घर कशासाठी? लपायला, हे उघडच आहे. पण कॅनडातले अभ्यासक ग्लेन विगिन्स यांनी एका वेगळ्या गोष्टीवर भर दिला. नळीतली अळी आपलं पोट सतत लाटेसारखं हलवते. त्यामुळे नळीत पुढून पाणी शिरतं, कल्ल्यांवरून जातं आणि मागून बाहेर पडतं. पोटाच्या पहिल्या वळ्यावर तीन उंचवटे असतात. ते अंग भिंतीपासून दूर धरतात, म्हणजे पाण्याला वाट राहते. थोडक्यात, घर हे श्वास घ्यायचं यंत्रही आहे. थंड, खळाळत्या पाण्याची सवय असलेला हा वंश संथ आणि कमी प्राणवायूच्या पाण्यात पसरू शकला तो या यंत्राच्या जोरावर, असं विगिन्स यांचं म्हणणं.

बहुतेक जातींची अळी पाच वेळा मोठी होते, म्हणजे चार वेळा कात टाकते. मग घर दगडाला पक्कं चिकटवून, दोन्ही तोंडं बंद करून ती आत कोषावस्थेत जाते. शेवटी कोष आपल्या मजबूत जबड्यांनी दार कापतो, पोहत वर येतो आणि पंख फुटलेली कॅडिस माशी उडून जाते. ही माशी दिव्याभोवती आपण पाहतो, पण पतंग समजून सोडून देतो. तिचं पुढचं आयुष्य काही दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं. अळीचं आयुष्य मात्र अनेक जातींत वर्षभराच्या आसपास चालतं. हा हिशेब लक्षात ठेवा: आयुष्याचा बहुतेक सगळा काळ पाण्यात, अखेरचा छोटासा तुकडा हवेत. पुढचा सगळा इतिहास या हिशेबाभोवती फिरतो.

गळ टाकणाऱ्यांची यादी

या अळ्यांकडे बारकाईने पाहणाऱ्या पहिल्या लोकांत गळ टाकून मासे धरणारे होते. त्यांना आमिष हवं होतं, आणि ट्राउट माशाला ही अळी आवडते. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टन यांचं ‘द कम्प्लीट अँगलर’ हे पुस्तक १६५३ साली प्रथम निघालं आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेलं. त्यात कॅडिसचे प्रकार दिले आहेत. एकाचं घर बोरूच्या इंचभर तुकड्याचं, म्हणून तो बासरीवाला. दुसऱ्याचं घर एका टोकाला निमुळतं, म्हणून त्याला कोंबड्याच्या पायामागच्या नखाचं नाव. तिसरा गवत आणि लव्हाळ्याचे तुकडे आडवेतिडवे लावणारा, तो खरबरीत अंगरख्याचा.

इथे आपण हसू नये. ही ओळख पटवण्याची पद्धतच आहे. लक्षण ठरवलं, त्यावरून गट पाडले, गटांना नावं दिली, आणि कोणता प्रकार कुठे नि कधी मिळतो ते सांगितलं. फक्त लक्षण निवडलं ते घराचं. एखाद्या गावात नवखा माणूस जातो आणि ‘तो निळ्या दरवाजाचा’, ‘तो पत्र्याच्या छपराचा’ अशी माणसं ध्यानात ठेवतो, तसंच हे. काम भागतं. दरवाजाला नवा रंग लागेपर्यंत!

पुढच्या शतकात फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी कीटकांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या १७३७ च्या तिसऱ्या खंडात या अळ्यांवर लिहिलं. त्यांनी यांना पाण्यातल्या कसरी म्हटलं. लोकरीचे कपडे खाणारी कसर आपण जाणतो. तिची अळीही पिशवीत राहते. म्हणजे नातं त्यांच्या बरोबर ध्यानात आलं होतं. मग १७५८ साली लिनियस यांनी फ्रायगॅनिया हे नाव रूढ केलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वाळक्या काटक्या, सरपण. नावही शेवटी घरावरूनच पडलं.

जी गोगलगाय नव्हती

घरावर विसंबल्याने काय घडतं याचं सर्वांत गमतीदार उदाहरण १८३४ सालचं आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला आयझॅक ली नावाचे गृहस्थ होते. व्यवसायाने प्रकाशक, पण गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे त्या काळातले मोठे जाणकार. टेनेसीतून त्यांच्याकडे एक वळणदार शंख आला. अगदी गोगलगाईचा असावा तसा, पण बाहेरून वाळूच्या कणांनी मढवलेला. लींनी त्याला व्हॅल्व्हाटा अ‍ॅरेनिफेरा, म्हणजे वाळू वाहणारी व्हॅल्व्हाटा, असं नाव देऊन गोगलगाईची नवी जात म्हणून त्याचं वर्णन छापलं. कवच बळकट करायला हा प्राणी वाळू चिकटवून घेतो, असा त्यांचा तर्क होता.

तो शंख नव्हता. ते कॅडिसचं घर होतं. या अळ्या वाळूची नळी सरळ न बांधता शंखासारखी वळवत नेतात, म्हणून १८५६ साली जर्मनीतल्या फॉन सीबोल्ड यांनी या प्रजातीला हेलिकोप्सायके असं नाव दिलं. ‘हेलिको’ म्हणजे वळणाचं.

लींना मूर्ख ठरवू नका. ज्या माणसाने हजारो शंख हाताळले, त्याला शंखच दिसणार. त्यांच्यासमोर घर होतं, घरात राहणारा नव्हता. आत सहा पायांची अळी दिसली असती, तर चूक झालीच नसती.

घराबाबत आणखी दोन अडचणी पुढे कळत गेल्या. एक म्हणजे काही जातींची अळी लहानपणी पानांचं घर बांधते आणि मोठी झाल्यावर खड्यांचं. दुसरी म्हणजे ती घर सोडूही शकते. फ्रान्सच्या दक्षिणेला सेरिन्याँ गावात राहणाऱ्या झाँ-आंरी फाब्र यांनी काचेच्या टाकीत कॅडिसच्या अळ्यांबरोबर पाणभुंगे सोडून पाहिले. भुंग्याने घर पकडलं की अळी पुढच्या दाराने सटकायची आणि पळून जाऊन नवं घर बांधायला घ्यायची. भुंगा रिकामं घर धरून बसायचा. आपल्या काळात फ्रेंच कलावंत ह्यूबेर द्यूप्रा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अशा अळ्यांना सोन्याचे कण, मोती आणि रत्नांचे खडे पुरवले. अळ्यांनी बिनतक्रार सोन्याची घरं बांधली. घराचा आराखडा पुष्कळ अंशी अळीच्या अंगचा असतो, माल मात्र ओढ्याचा. त्यामुळे घर हा पुरावा आहे, पण ओळखपत्र नाही.

पंखांच्या मागे

मग एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी काय केलं? ते अळीकडे न वळता माशीकडे वळले. इंग्लंडमध्ये खेड्यातल्या चर्चचे धर्मोपदेशक असलेले विल्यम कर्बी यांनी १८१५ च्या सुमारास ट्रायकॉप्टेरा हा वेगळा गण मानला, तो पंखांवरून. १८७४ ते १८८० या काळात रॉबर्ट मॅक्लाक्लन यांचा युरोपातल्या कॅडिसवरचा महाग्रंथ भागाभागाने आला. त्यात एक गोष्ट पक्की झाली. दोन जाती दिसायला सारख्या असल्या, तरी नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननेंद्रियांची रचना वेगळी असते. कुलूप-किल्लीसारखी. मॅक्लाक्लननी ती रचना चित्रांतून काढून दाखवली, आणि तेव्हापासून आजतागायत कॅडिसची जात ठरते ती मुख्यतः नराच्या या अवयवांवरून.

ही मोठीच प्रगती होती, यात वाद नाही. शिवाय सोयीचीही होती. रात्री दिवा लावला की माश्या आपण होऊन येतात. टाचणीला टोचून पेटीत ठेवल्या की शंभर वर्षं टिकतात. अळीला मात्र जननेंद्रिय नाही, स्पिरिटमध्ये तिचा रंग उडतो, आणि ती गोळा करायला थंड पाण्यात वाकावं लागतं.

पण मघाचा हिशेब आठवा. वर्षभराच्या आयुष्यातल्या शेवटच्या चार आठवड्यांना नाव मिळालं. उरलेले अकरा महिने बिननावाचे राहिले. संग्रहालयांत नर माश्यांच्या पेट्या भरत गेल्या, आणि ओढ्यातली अळी हातात घेतल्यावर ती यातल्या कोणाची, हे सांगणं अशक्यच राहिलं.

अपवाद होते. जिनिव्हाच्या फ्रान्स्वा-ज्यूल पिक्टे यांनी पंचविशीच्या आतबाहेर असताना १८३४ साली कॅडिसवर एक ग्रंथ लिहिला. ज्या वर्षी ली शंखाचं वर्णन करत होते, तेच वर्ष बघा. पिक्टेंनी आपल्या परिसरातल्या अळ्या आणल्या, पाळल्या आणि अळी, कोष, माशी असा एकेकीचा प्रवास नोंदवला. घर बाजूला ठेवून घरात कोण आहे आणि ती पुढे कोण होते, ते पाहिलं. हेच पिक्टे पुढे डार्विनच्या सिद्धांताचे विरोधक झाले, आणि डार्विननी त्यांचा विरोध प्रामाणिक मानला. पण अळी पाळणं हे काम वेळखाऊ. वाहत्या, थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला जीव बरणीत दोन दिवसांत मरतो. म्हणून पिक्टेंच्या वाटेने जाणारे थोडे निघाले.

एका खोलीत दोन पुरावे

या कोंडीतून वाट निघाली ती कोषातून. ही युक्ती मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोषात जाताना अळी शेवटची कात टाकते. त्या कातेतले कडक भाग, म्हणजे डोक्याची कवटी, छातीवरच्या ढाली, पायांची नखं, हे सगळं बहुतेक कुळांत बंद घराच्या मागच्या कोपऱ्यात चेपलं जातं. इकडे कोष पक्व होत जातो, आणि बाहेर पडायच्या आधी त्याच्या पातळ त्वचेतून माशीची जननेंद्रियं तयार झालेली दिसतात. म्हणजे नेमक्या वेळी तुम्ही बंद घर उघडलं, तर एकाच खोलीत काल आणि उद्या दोन्ही सापडतात. कोपऱ्यातल्या कातेवरून अळीची लक्षणं मिळतात आणि कोषावरून जात कळते. दोघी एकच आहेत याला वेगळी साक्ष नको, कारण दार आतून बंद होतं!

अमेरिकेत मार्जरी मिल्न यांनी १९३८ साली या पद्धतीवर लिहिलं आणि तिला नाव दिलं. १९४४ साली इलिनॉय राज्याच्या निसर्ग सर्वेक्षण संस्थेतल्या हर्बर्ट रॉस यांनी इलिनॉयच्या कॅडिसवर ग्रंथ काढला. त्यात माश्यांबरोबर अळ्याही ओळखता येतील अशा किल्ल्या दिल्या. इंग्लंडमध्ये नॉर्मन हिकिन यांनी वर्षानुवर्षं एकेका ब्रिटिश जातीच्या अळीचं वर्णन केलं आणि १९६७ मध्ये ‘कॅडिस लार्व्ही’ हे पुस्तक दिलं. हिकिन हे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचे तज्ज्ञ म्हणून जास्त प्रसिद्ध, पण जीव ओढ्यात. आणि १९७७ साली टोरोंटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियममधल्या विगिन्स यांनी उत्तर अमेरिकेतल्या प्रजातींच्या अळ्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. एका पानावर एक प्रजाती, समोर अळी आणि तिचं घर, दोन्ही. घर पुन्हा परत आलं, पण आता पुराव्यांपैकी एक म्हणून.

नदीची गुणपत्रिका

कोणी विचारेल, हा खटाटोप कशासाठी? नावं नसली तर अळ्यांचं काय बिघडतं? अळ्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते नदीचं, कारण तिच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी उरत नाही.

नदीचं पाणी तपासायला आपण बाटलीत नमुना घेतो. तो त्या क्षणाचा असतो. कारखान्याने रात्री दोन वाजता सोडलेलं पाणी सकाळी दहाच्या बाटलीत येत नाही. अळी मात्र रात्री दोनलाही तिथेच होती. वर्षभर ती त्या दगडाखाली आहे, म्हणजे वर्षभरात तिला न सोसणारं काही घडलेलं नाही, किंवा घडलं तरी ती त्यातून वाचली. ही कल्पना पद्धतशीर मांडली बर्लिनमधल्या कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी, १९०८ आणि १९०९ मध्ये. सांडपाण्याच्या प्रमाणानुसार नदीत कोणते जीव टिकतात याच्या पायऱ्या त्यांनी लावल्या.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस याची सुटसुटीत गुणपत्रिका तयार झाली. जीवांच्या प्रत्येक कुळाला एक ते दहा गुण. गाळातल्या गांडूळवर्गीय किड्यांना १, तांबड्या रक्तअळ्यांच्या कुळाला २. आणि कॅडिस? इथे खरी गंमत आहे. घर बांधणाऱ्या अनेक कुळांना पूर्ण १०. मोकळ्या शिकारी रायकोफिलिडींना ७. जाळं विणणाऱ्या हायड्रोप्सायकिडींना ५. एकाच गणात दहा आणि पाच! म्हणजे ‘कॅडिस सापडली’ एवढं म्हणून भागत नाही. कोणती, हे सांगावं लागतं. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही कुळांना गुण देण्याच्या याच धर्तीवर जैविक निकष केले आहेत.

कुळाच्याही खाली उतरलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. वेल्समधल्या नद्यांवर १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासात दिसलं की हायड्रोप्सायकिडी कुळातल्या जाती नदीच्या उगमापासून खाली क्रमाने एकमेकींची जागा घेतात. वरच्या थंड झऱ्यात एक, मधल्या भागात दुसरी, खालच्या उबदार पाण्यात तिसरी. गुणपत्रिकेत तिघींना सरसकट ५. पण वरची जात नाहीशी होऊन तिथे खालची आली, तर काहीतरी बदललं आहे हे उघड आहे. गुण तेवढेच राहतील, बदल दिसणार नाही. तो दिसायला अळीची जात कळली पाहिजे.

मुंबईच्या नियतकालिकातल्या माश्या

आता आपल्याकडे येऊ. भारतातल्या कॅडिसवरच्या महत्त्वाच्या लेखमालांपैकी एक मुंबईतच छापली गेली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९३३ पासून मार्टिन मोझली यांची भारतीय कॅडिसवरची मालिका येऊ लागली. मोझली लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात काम करत आणि स्वतः गळाने मासेमारी करणारे होते. म्हणजे वॉल्टनचा वारसा फिरून मुंबईच्या छापखान्यापर्यंत आला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले फर्नांड श्मिड यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत या उपखंडातून प्रचंड संग्रह केला आणि शेकडो नव्या जातींची वर्णनं केली. आज भारतातून एक हजाराहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. जगात सोळा हजारांहून अधिक.

ही सगळी वर्णनं कोणाची? माश्यांची. त्यातही मुख्यतः नरांची. मॅक्लाक्लनची पद्धत इकडे आली, पण पिक्टेची आली नाही. प्राण्यांच्या प्रवाहातल्या जीवनाकडे लक्ष देणारे लोक आपल्याकडे नव्हते असं नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतले सुंदरलाल होरा यांनी १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात वेगवान ओढ्यांतल्या प्राण्यांवर मोठा निबंध लिहिला. प्रवाहात हे जीव दगडाला धरून कसे राहतात, याचा तो पायाभूत अभ्यास. पण जातींची नावं देणारे एकीकडे आणि ओढ्यात उभे राहणारे दुसरीकडे, अशी फारकत राहून गेली. भारतातल्या फारच थोड्या जातींची अळी कोणती ते ठाऊक आहे.

याचा अर्थ काय होतो, ते एका अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका ओढ्यावर मी विद्यार्थ्यांना घेऊन दर हिवाळ्यात जात असे. तिथे पानांचे गोल तुकडे कापून त्यांचं घर करणारी एक अळी असायची. आम्ही चार-पाच नमुने स्पिरिटमध्ये घातले आणि चिठ्ठीवर कुळाचं नाव लिहिलं. जातीपुढे प्रश्नचिन्ह. पुढच्या वर्षी कोष धरू, म्हणजे जात लागेल, असं ठरलं. पुढच्या वर्षी गेलो तर ओढ्याचा तळ सपाट करून दोन्ही काठांना काँक्रीट घातलेलं. पाणी होतं, दगड नव्हते. ती बाटली माझ्याकडे आहे. ती अळी म्हणजे मोझली किंवा श्मिड यांनी नाव दिलेलीच एखादी जात असेल, किंवा अजिबात नोंद नसलेली असेल. त्या ओढ्यातून काय गेलं, हे मी आज सांगू शकत नाही. आणि जे सांगता येत नाही, त्याची तक्रार कुठल्या कागदावर लिहिणार?

हाताशी काय आहे

व्याख्यान संपवण्याआधी कामाचं थोडं सांगतो, कारण तुमच्यापैकी काही जण ओढ्यावर जातातच.

पांढऱ्या ताटात थोडं पाणी घ्या आणि अळी त्यात सोडा. शेपटासारखे दोन किंवा तीन लांब तंतू असतील, तर ती कॅडिस नाही. कॅडिसच्या अंगाच्या शेवटी दोन आखूड पाय असतात आणि प्रत्येकावर एक आकडा. पतंगाच्या अळीला पोटाखाली मऊ पायांची रांग असते, ती इथे नसते. मग छातीचे तीन भाग वरून पाहा. तिन्हींवर कडक ढाली आणि पोटाखाली झुपकेदार कल्ले असतील, तर हायड्रोप्सायकिडी. तिन्हींवर ढाली, पण अळी जेमतेम काही मिलिमीटरची आणि घर पाकिटासारखं चपटं असेल, तर हायड्रोप्टिलिडी. फक्त पहिल्या भागावर ढाल आणि अळी घराशिवाय मोकळी फिरत असेल, तर रायकोफिलिडीचा संशय घ्या. फक्त पहिल्यावरच ढाल, पण वरचा ओठ फिकट, मऊ आणि इंग्रजी टी अक्षरासारखा रुंद असेल, तर फिलोपोटॅमिडी. ती दगडाखाली बोटासारखं लांबट जाळं विणते. भिंग दहापटीचं पुरेल. घराचा फोटो जरूर काढा, पण अळीचाही काढा. आणि दगड होता तसा, होता तिथे परत ठेवा.

जातीपर्यंत जायला आता आणखी एक साधन आहे. अळी आणि माशी यांचा डीएनए एकच असतो. चीनमधल्या हायड्रोप्सायकिडी अळ्यांची माश्यांशी गाठ अशा प्रकारे घालून दिल्याचं काम २००७ साली प्रसिद्ध झालं. जे कोषाची बंद खोली करत होती, तेच आता प्रयोगशाळा करते. पण त्यासाठीही त्याच ओढ्यावरच्या दोन्ही गोष्टी लागतात: दगडाखालची अळी आणि दिव्यावर आलेली, नाव पटलेली माशी. यंत्र कितीही चांगलं असलं, तरी ओढ्यावर जावं लागतं, आणि ओढा तिथे असावा लागतो.

वॉल्टनला घर दिसलं, लींना शंख दिसला, मॅक्लाक्लनना माशी दिसली. यातलं कोणाचंही काम वाया गेलं नाही. पण घरात राहणाऱ्याची ओळख पटवली ती एका अळीसोबत वर्षभर थांबलेल्या माणसांनी. आपल्या ओढ्यांना अशी माणसं मिळायला अजून वेळ आहे की गेलेला आहे, हे दर ओढ्याचं वेगळं असणार. या हिवाळ्यात तुमच्या जवळच्या ओढ्यावर जाऊन एक दगड उलटून पाहा, एवढीच विनंती. आज इथेच थांबतो.